एकोणीस फेऱ्या

“अठरा,” असं पुटपुटत अरालीने वहीत रेघ ओढली. समोरच्या झाडाच्या ढोलीत धनेशाची मादी महिनाभरापासून तोंड लिंपून स्वतःला कोंडून बसली होती. ठेवलेल्या फटीतून तिची चोच तेवढी दिसे. नराने घशातून एकेक अंजीर वर काढून तिला भरवलं, शेवटी झाडाच्या सालीचा एक तुकडाही दिला आणि उडाला. मिनिटभर रेंगाळला नाही. दिवस कलेपर्यंत एकोणीस फेऱ्या झाल्या.

युगांडातल्या किबालेच्या जंगलात अराली नऊ वर्षं संशोधकांसाठी हेच मोजायचं काम करत होता. घरी त्याची बायको अब्वूली तीन दिवसांची बाळंतीण. उद्या मुलाचं नाव ठेवायचं. त्या जेवणाचं मांस बापानेच आणायचं. त्याने ते घेतलंही. धुरावर सुकवलेलं, केळीच्या पानात बांधलेलं.

वाटेत केळ्याच्या दारूचा अड्डा लागला.

“ये, प्रोफेसर! आज तुझ्या धनेशाने किती खेपा घातल्या?” आतून कुणीतरी ओरडलं.

आता विचारल्यावर सांगायला नको? मान ताणून, चोच वासून त्याने सगळं करून दाखवलं. लोक पोट धरून हसले, त्याचा दारूचा भोपळा पुन्हा भरला. तोंडी लावायला काहीतरी हवंच होतं. मांसाचं पान कधी सुटलं ते त्याला आठवेना.

अंगणात सासू चूल फुंकत होती. दोन टेकड्या ओलांडून ती डोक्यावर टोपली घेऊन आली होती. तिने जावयाच्या हातात नुसती वही बघितली, आणि पुन्हा चुलीकडे वळली.

दार अर्धवट लोटलेलं होतं.

“आलात?” आतून अब्वूलीने विचारलं. “आज किती वेळा आला हो तुमचा धनेश?”

अरालीने वहीकडे बघितलं.

“चार.”

“चारच? अगंबाई, मग ती बिचारी जगायची कशी?”

“पाऊस होता.”

अंगण कोरडं ठणठणीत होतं. दारूचा वास आत गेलाच असणार. आत बाळ चुटूचुटू पीत होतं.

मग दाराच्या फटीतून एक हात बाहेर आला. हातात वाडगं, त्यात नाचणीचा अर्धा गोळा आणि घोटलेल्या शेंगदाण्यांची आमटी.

“आईने आणलंय. मी अर्धंच खाल्लं. घ्या, दिवसभर बसून दमला असाल.”

त्याने एका हाताने वाडगं घेतलं. दुसऱ्या हाताने एकोणीस रेघांची वही पाठीमागे धरली.