मोठ्यानं सांगायचं नाव

बटण शिंगाचं होतं, कडेला किंचित उडालेलं, आणि जज्ज प्रुइटसाहेबांच्या काळ्या कोटावर ते एकाच धाग्याला लोंबत होतं. ड्रुसिलानं सुईत दोरा ओवला आणि तिच्या मनात आलं, एवढा मोठा माणूस, नुसता खाकरला तरी जिल्ह्याचा शेरीफ ठरतो, राजधानीत कोण जाऊन बसणार ते ठरतं, आणि त्याला स्वतःचं बटण सांभाळता येत नाही... बरंच आहे म्हणा. तेवढं तरी आपल्या हातून होतं. कोर्ट भरलं की साहेब तिच्याच खाणावळीत उतरायचे. वकीलमंडळी खाली जमिनीवर आडवीतिडवी, साहेब माडीवर. सकाळी तिच्याच टेबलाशी, मक्याची भाकरी मोडता मोडता, ‘यंदा अमक्याला उभा करू’ म्हणायचे, आणि अमका उभा राहायचा, निवडूनही यायचा. सगळ्या ऑरेगनात म्हणे असंच चालतं. चालेना का! माझ्यापुरतं बोलायचं तर...

तिच्यापुरतं बोलायचं तर एकच दिवस होता. नवरा नदीत बुडाला त्या सालातला. दीर, होझिया, कोर्टात छाती काढून उभा — पोराचा पालक मी होणार, जमीन मी बघणार, बाईमाणसाच्या हाती काय द्यायचं? कायदाही त्याच्याच बाजूचा, असं जो तो सांगत होता. तिचा लहानगा ईनस तिच्या झग्याला बिलगलेला. आणि जज्जसाहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला, होझियाकडे जरा वेळ पाहिलं, म्हणाले, “पोर आईपाशी राहील. पुढचा खटला घ्या.” बस्स. संध्याकाळी आभार मानायला गेली तर तिला रडूच फुटलं, आणि साहेब वैतागले, “बाई, रडताय काय, जेवायला काय केलंय ते सांगा!” हरणाचं मटण होतं. त्यांनी दोनदा मागून घेतलं.

“आई, आज मत देताना मी स्ट्राउडचं नाव घेणार आहे.”

सुई बोटात घुसली. ईनस दारात उभा होता, दाढी केलेला, बापाचा रुमाल गळ्यात. आज त्याचं आयुष्यातलं पहिलं मत.

“हळू बोल. साहेब वर आहेत.”

“तिथं कचेरीत तर शेरीफपुढं मोठ्यानंच सांगायचंय. मग इथं कुजबुजून काय मिळवू?”

“अरे मेल्या, टूली त्यांचा जावई आहे! त्यांनी उभा केलेला!”

“म्हणूनच. तो निवडून आला की जिल्ह्याची कचेरी उचलून नदीकाठच्या नव्या गावात नेणार. डोंगरापलीकडच्या माणसानं कोर्टात यायचं तर घोडं मरेस्तोवर हाणायचं? आणि तुझ्या खाणावळीत मग कोण येणार, भिंतीवरचे कोळी?”

“येऊ देत कोळी. तो माणूस नसता तर तू आज काकाच्या गोठ्यात—”

“ठाऊक आहे गं. कळायला लागल्यापासून ऐकतोय. देवमाणूस आहेत ते.”

“आहेतच!”

“मग बरंय. देवमाणसाला राग येत नाही म्हणतात.” आणि हसत निघूनही गेला. वात्रट कार्टं.

साहेब जिना उतरून आले. तिनं कोट पुढं धरला, त्यांनी बाह्या चढवल्या. “ईनस गेला का? त्याच्या नदीवर तराफा चालवायच्या परवान्याचं माझ्या लक्षात आहे म्हणावं. टूली निवडून आला की पहिलं ते काम.” किती सहज बोलले! कुणी शेजाऱ्याच्या पोराला सफरचंद द्यावं तसं. ती म्हणाली, “तुमचे फार उपकार, साहेब,” आणि ते खरंच होतं, अगदी पोटातून आलेलं — आणि त्याच क्षणी सांगून टाकावं असंही वाटलं, की साहेब, पोरगं आज तुमच्याविरुद्ध बोलणार आहे, लहान आहे, मनावर घेऊ नका... पण तोंड उघडेना. कुणाशी फितुरी झाली असती ती? त्यांच्याशी, की लेकाशी?

कचेरीत बायकांना मज्जाव. पण जून महिना, खिडक्या उघड्या, आणि बाहेरच्या ओट्यावर गावातल्या साऱ्या जणी टोपल्या घेऊन बसलेल्या. आत एकेकाचं नाव पुकारलं जाई, तो आपला उमेदवार सांगे, आणि ज्याचं नाव घेतलं तो उमेदवार खुर्चीतून उठून त्याचे आभार मानी. टूली सारखा उठत होता. उठून उठून दमला असेल बिचारा. लोक जज्जसाहेबांकडे एकदा बघत आणि टूली म्हणत. ती मनात घोकत होती — म्हण रे टूली, एकदाच म्हण, तुझा परवाना, तुझं सगळं आयुष्य... आणि मग ईनसचं नाव पुकारलं गेलं.

“अ‍ॅबनर स्ट्राउड.”

आवाज कापला नाही. चढलाही नाही. जाड, सावकाश आवाज. हा कधी आला ह्याच्या गळ्यात? खुर्ची सरकली, स्ट्राउड गडबडून आभार मानू लागला.

आता लाज वाटायला हवी होती मला. शेजारच्या बाईनं टोपली जरा दूर ओढून घेतली, तेही दिसलं. परवाना गेला बहुतेक. पण आत भरून येत होतं ते वेगळंच होतं... होझियाच्या घरी वाढला असता तर ह्या पोराला असा आवाज फुटला असता? तिथं मान खाली घालून हो म्हणायलाच शिकला असता तो. म्हणजे हा आवाजही साहेबांनीच दिलेला, आणि आज त्यांच्याच तोंडावर... त्यांना हे कळेल का? सांगावं का त्यांना कधी, की साहेब, तुम्ही माझ्यापाशी ठेवलात तो हा असा झाला, बघा?

खिडकीतून जज्जसाहेबांनी बाहेर पाहिलं. नेहमी ती चटकन गुडघ्यात वाकून नमस्कार करी. आज ती उठून ताठ उभी राहिली आणि त्यांच्याकडे बघत राहिली. उपकार होते तेवढेच होते, रतीभरही कमी झाले नव्हते; फक्त त्यांच्यापुढं वाकावंसं वाटत नव्हतं. साहेबांनीच आधी नजर वळवली. रागानं, की आत पुढचं नाव पुकारलं म्हणून, ते तिला ठरवता येईना, आणि ठरवायची घाईही वाटेना.