बाकावरची वाटणी

डॉ. रंगनाथ खैरनारला पेशंटच्या अडाणीपणाचा कधी राग आला नाही. राग यायचा तो त्यांच्या भिडेचा. छातीत कळ मारत असली तरी 'साहेबांना वाईट वाटंल' म्हणून हसत हसत 'बरं हाय' म्हणणारी ही माणसं! यांच्यावर संशोधन करायचं म्हणजे भिंतीवर डोकं आपटून घ्यायचं. आणि गेली दोन वर्षं रंगनाथ नेमका तोच उद्योग करत होता.

नाशिकच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, क्ष-किरणाच्या खोलीमागे त्याला एक बोळवजा जागा दिलेली होती. तिथे सुताराकडून करून घेतलेल्या दोन लाकडी पायऱ्या होत्या. पेशंटने त्यांवर चढायचं, पलीकडे उतरायचं, पुन्हा चढायचं. छातीत दुखायला लागलं की थांबायचं आणि तसं सांगायचं. आधी आणि नंतर हृदयाचा आलेख काढायचा. हृदयाच्या रक्तवाहिन्या कितपत तुंबल्यात याचा त्यावरून अंदाज येत असे. मुंबईत त्यासाठी विजेवर चालणारा पट्टा होता, अँजिओग्राफी होती. इथे सागवानाच्या पायऱ्या होत्या, त्याही कुरकुरायच्या.

रंगनाथला ती यंत्रं नाशकात हवी होती. हट्टच म्हणा ना! सात वर्षांपूर्वी, चौऱ्याहत्तर साली, त्याच्या वडिलांच्या छातीत कळ आली म्हणून घरचे त्यांना मुंबईला न्यायला निघाले, आणि कसाऱ्याच्या घाटात एक ट्रक आडवा झालेला होता. रंगनाथ तेव्हा मुंबईत शिकत होता. तो हॉस्पिटलच्या दारात उभा राहून गाडीची वाट बघत राहिला. गाडी आली, पण वडील घाटातच गेले होते. आता मुंबईच्या त्याच्या सरांनी शब्द दिला होता, की छातीतल्या कळेवरच्या नव्या गोळ्यांचा हा अभ्यास धड पार पडला, तर त्याच्या जोरावर नाशिकला हृदयरोगाचा वॉर्ड आणि यंत्रं मिळवून देतो.

अभ्यास साधा होता. निम्म्या पेशंटना खरी गोळी, निम्म्यांना दिसायला हुबेहूब तशीच पण आत काहीही औषध नसलेली गोळी. कुणाच्या बाटलीत कोणती, हे रंगनाथलाही ठाऊक नव्हतं. ते फक्त मुंबईच्या सरांना. पेशंटना एवढंच सांगितलं होतं, की दोन प्रकारच्या गोळ्या आहेत, कोणती चांगली ते बघायचंय. आणि रंगनाथनेच काळजीपोटी वर जोडून दिलं होतं, "सुरुवातीला डोकं दुखेल हं. घाबरू नका, या औषधाने दुखतं."

ते एक वाक्य त्याने गिळलं असतं तर!

दर मंगळवारी बाहेरच्या लांब बाकावर सगळी मंडळी जमत. वणीकडच्या भिमाबाई गांगुर्डे पहाटेच्या एस.टी.ने यायच्या, बरोबर भाकरी आणि सगळ्यांना पुरेल एवढा ठेचा. मालेगावचा सावळीराम यायचा, मागावर आयुष्य गेलेला. नाशिकरोडच्या वसाहतीतला झुंबर पगारे तर सगळ्यांच्या आधी हजर. कारखान्यात फिटर होता, आजारी म्हणून घरी बसवला होता. त्याला त्या पायऱ्या म्हणजे परीक्षाच वाटे. दम लागला तरी ओठ घट्ट मिटून चढायचा आणि शेवटी विचारायचा, "पास ना साहेब?"

"झुंबर, अरे ही पास व्हायची परीक्षा नाही. दुखलं तर सांगायचं."

"दुखतंय कुठं? तुमच्या हाताखाली हाय मी. लय बरं हाय."

रंगनाथ कपाळाला हात लावायचा.

त्या मंगळवारी आलेख काढता काढता त्याने सहज विचारलं, "डोकं दुखतं का?" भिमाबाई म्हणाल्या, थोडं दुखतं. सावळीराम म्हणाला, थोडं दुखतं. झुंबरचंही थोडं दुखत होतं. बाकावरच्या एकूण एक माणसाचं डोकं थोडं थोडं दुखत होतं. रंगनाथचा हात थांबला. निम्म्यांची डोकी दुखायलाच नको होती. ज्याच्या पोटात औषधच नाही, त्याचं डोकं कशाने दुखेल?

तो तरातरा बाहेर आला. भिमाबाईंच्या मांडीवर एक पितळी डबी उघडी होती, आणि त्या तिच्यातल्या गोळ्या एकेकाच्या तळहातावर ठेवत होत्या. तीर्थप्रसाद वाटावा तशा.

"हे काय चाललंय?"

भिमाबाईंनी न घाबरता सांगितलं. "साहेब, कोनाचं डोकं दुखायचं आन् छाती मोकळी व्हायची. कोनाचं डोकं बी दुखंना आन् छातीतली कळ बी थांबंना. ह्या झुंबरला तर काहीच लागू पडत नव्हतं. मंग आम्ही म्हनलं, सगळ्या बाटल्या येका डबीत वता आन् वाटून खा. एकट्यानं बरं होऊन कसं चालंल?"

"कधीपासून?"

"झालं की साल."

वर्ष! वर्षभराचे सगळे आलेख, सगळी आकडेमोड, मुंबईच्या फेऱ्या, सगळं मातीत गेलं होतं. वॉर्ड गेला, यंत्रं गेली. तो इतक्या मोठ्याने ओरडला की क्ष-किरणवाला खोलीतून डोकावला. "तुम्हाला कळतं का काय केलंत ते? बिनऔषधाची माणसं कशी राहतात हे कळल्याशिवाय औषधाने काय झालं ते कसं कळणार? त्या गोळीने उद्या कुणाला अपाय झाला असता तर तेही याच्यावरूनच कळणार होतं!"

मग भिमाबाई हळूच म्हणाल्या, "म्हंजी निम्म्यांच्या गोळीत औषिदच नव्हतं?"

रंगनाथने डबीसाठी हात पुढे केला.

"मंग हे आम्हाला कोन सांगनार व्हतं?"

या प्रश्नाने तो आणखी चिडला. त्याने डबी हिसकावून एप्रनच्या खिशात घातली आणि झुंबरच्या दंडाला धरलं. "चल. निदान आज तरी खरं सांग. चढ पायऱ्या."

झुंबर चढला. साहेब रागावलेत, म्हणजे आज तर पास व्हायलाच हवं, हे त्याच्या चेहऱ्यावर लख्ख दिसत होतं. रंगनाथला ते दिसलं नाही. तो घड्याळाकडे बघत होता. "दुखतंय?" "न्हाय." "आता?" "न्हाय साहेब, बरं हाय." आणि 'बरं हाय' म्हणता म्हणताच झुंबर वरच्या पायरीवरच मटकन खाली बसला, छाती दोन्ही हातांनी आवळून, घामाने न्हाऊन.

इंजेक्शनं झाली, ऑक्सिजन झाला, पण कळ हटेना. आलेख बघून रंगनाथने गाडी काढायला सांगितली. मुंबईला नेण्यावाचून गत नव्हती. हॉस्पिटलच्या मेटाडोरमध्ये झुंबरला आडवं केलं आणि रंगनाथ आहे त्या एप्रनवर त्याच्याशेजारी बसला. मीच चढवलं याला, मीच चढवलं, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं.

कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली घाईत उचलली होती. तिच्यात दोनच गोळ्या होत्या, त्या घोटीच्या पुढे संपल्या. इगतपुरीत औषधाच्या दुकानाला कुलूप. मालक जेवायला घरी गेलेला. रंगनाथने कुलपावर हात आपटला आणि परत गाडीत बसला. आणि घाटात शिरल्यावर दुसऱ्याच वळणावर ड्रायव्हरने गाडी उभी केली. पुढे ट्रकांची रांग लागली होती. खाली कुठेतरी एक कांद्याचा ट्रक आडवा झाला होता.

"किती वेळ?" रंगनाथने विचारलं.

"काय सांगावं साहेब," ड्रायव्हर म्हणाला आणि इंजीन बंद केलं.

झुंबरची कळ पुन्हा वर आली. रंगनाथने खिसे चाचपले, आणि त्याच्या हाताला भिमाबाईंची डबी लागली. यातलीही खरी गोळी चावून जिभेखाली धरली तर उपयोग होतो. त्याने डबी उघडली. पांढऱ्या, गोल, एकसारख्या गोळ्या. निम्म्या खऱ्या, निम्म्या नुसत्या खडू. कुणालाच ओळखता येऊ नयेत म्हणून मुद्दाम तशा घडवलेल्या. त्याने एक उजेडात धरली, जिभेला लावून बघितली, दुसरी लावून बघितली. काही फरक नाही. चांगलं काम केलं होतं कारखान्याने! चार-पाच एकदम द्याव्यात, तर सगळ्याच खऱ्या निघायच्या आणि रक्तदाब कोसळायचा. न द्याव्यात तर हा डोळ्यांदेखत चालला होता. भर दुपारच्या त्या घाटात रंगनाथला ओरडून रडावंसं वाटलं.

त्याने एक गोळी उचलली आणि झुंबरच्या तोंडात घातली. "चाव. जिभेखाली धर."

मग तो वाट बघत राहिला. नाडीवर बोट ठेवून, हॉर्न ऐकत. गोळी खरी होती की नाही हे कळायची आता एकच खूण उरली होती, बाकावरच्या मंडळींनी शोधलेली. त्याने झुंबरच्या कानाशी तोंड नेलं.

"झुंबर, डोकं दुखतंय का रे?"

झुंबरने डोळे उघडले. साहेबांचा चेहरा त्याने नीट निरखला, आणि साहेबांना काय ऐकायचंय ते त्याला बरोबर कळलं.

"दुखतंय साहेब," तो हसून म्हणाला. "लय दुखतंय."