पढवलेला दिवा

सुभेदार आकाराम माने यांनी ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट हळूहळू पुरता बाहेर ओढला, त्याचं शेवटचं वीतभर टोक बोटांनी चोळलं आणि नाकाला लावलं.

"पुरातली गाडी असली की हितं गाळ सापडतो," ते म्हणाले. "बाकी समदं धुता येतं. बेल्टचं टोक कुणी धूत न्हाई."

धरणेंद्र मगदूम समजूतदारपणे हसला. बेल्ट त्याने धुतले नव्हते, बदलले होते.

"लय कोरे हायत वं बेल्ट."

"उंदरांनी कुरतडले होते. नवे घातले. आमच्याकडे उंदीर मारत नाहीत ना."

सुभेदारांनी आदराने मान हलवली. आपला जैन धर्म असा ऐन वेळी मदतीला येईल, याची धरणेंद्रला कल्पना नव्हती. त्याने घाम पुसला.

साताऱ्याबाहेर हायवेलगत सुभेदारांचं जुन्या गाड्यांचं आवार होतं. फौजेतून आल्यावर त्यांनी रहिमतपुरातली शेती भावाला कसायला दिली आणि हा धंदा मांडला. आवारातल्या गाड्या संचलनाला उभ्या असाव्यात तशा रांगेत होत्या. त्यांच्यापुढे धरणेंद्रची पिवळी स्पोर्ट्स कार पाहुणीसारखी उभी होती. दोन दारं, दोन माणसं, आणि पोट जमिनीपासून चार बोटांवर. हळदीला भाव आला त्या वर्षी सांगलीच्या या व्यापाऱ्याने ती हौसेने घेतली होती. रंगही मालाला शोभेल असाच निवडला होता. पुढे गुडघे कुरकुरू लागले, आणि कस्तुरीने, म्हणजे बायकोने, त्या गाडीत पुन्हा बसणार नाही असं जाहीर केलं. म्हणून आता ही देऊन सुभेदारांकडची सात जणांची डिझेल गाडी घ्यायची, वरचा फरक रोख, असा बेत होता.

मधे एक पूर येऊन गेला होता. पिवळी गाडी तीन दिवस सीटपर्यंत पाण्यात होती. विम्याकडे गेलं की नोंद होते, म्हणून धरणेंद्र गेला नाही. घरच्या पैशातून पप्पू मिस्त्रीने गालिचे, वायरी, बेल्ट सगळं नवं केलं. एकच गोष्ट राहिली.

"एअरबॅगचा डबा सीटखाली असतोय, मालक. त्यो गेला," पप्पू म्हणाला होता. "नवा लय महाग हाय. आता ठोकर बसली तर फुगे उघडणार न्हाईत. पण दिव्याचं बघतो मी."

दिव्याचं त्याने पाहिलं. किल्ली फिरवली की एअरबॅगचा लाल दिवा चांगल्या गाडीत लागतो तसा तीन सेकंद लागायचा आणि मग गप व्हायचा. पप्पूने त्याला तसं पढवलं होतं.

सुभेदारांनी आत बसून किल्ली फिरवली. दिवा लागला. एक, दोन, तीन. विझला.

"पुराच्या टायमाला गाडी कुठं होती?"

"विट्याला. मेव्हण्याकडे."

विट्याला मेव्हण्याकडे एक गाडी होती हे खरंच होतं. ती दुसरी होती.

"आता वर घेऊन खालनं बघतो," म्हणत सुभेदार उतरले, आणि त्यांनी पश्चिमेकडे पाहिलं. "आवं, दिवस कलला की! तुमी दिवस मावळल्यावर जेवत न्हाई न्हवं?"

"नाही... म्हणजे, तसं..."

"माझ्या बटालियनमदी एक उपाध्ये हुता. सरहद्दीवर बर्फात बसला, पर रातचं घासभर खाल्लं न्हाई गड्यानं. ऱ्हाऊ द्या ती गाडी. कांदा-लसूण न घालता सांगितलंय घरी. आधी जेवून घ्या."

धरणेंद्र जेवला. गाडी वर गेली नाही. तो स्वतः हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याशिवाय पोत्याला हात लावत नसे. समोरचा मात्र त्याला भाकरी वाढत होता आणि वरणावर तूप घेण्याचा आग्रह करत होता.

"चौदा लाख धरतो पिवळीचे," सुभेदार म्हणाले. "वाजवी हाय का?"

धरणेंद्र मनात बारा धरून आला होता. पण लगेच हो म्हटलं तर संशय येईल, म्हणून त्याने खेद झाल्यासारखा चेहरा केला आणि आणखी पंचवीस हजार चढवून घेतले. ते मिळाले याचंच त्याला जास्त वाईट वाटलं. परतताना कराडजवळ, अंधार पडून तासभर झाल्यावर, त्याने दोन वडापाव खाल्ले. भूक नव्हती.

तीन महिने गेले. दहा दिवसांचं पर्युषण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. वर्षभरात ज्यांचं मन दुखावलं असेल त्यांची माफी मागण्याचा दिवस. धरणेंद्रचे वडील त्या दिवशी घरोघर जाऊन हात जोडायचे, अगदी भांडण होतं त्याच्याही दारात जायचे. धरणेंद्रकडे मोबाइलमध्ये यादी होती. मंदिरातून आल्यावर त्याने सोफ्यावर बसून एक बोट दाबलं.

'उत्तम क्षमा. जाणते-अजाणतेपणी माझ्याकडून आपले मन दुखावले असल्यास मी मन, वचन, कायेने आपली क्षमा मागतो. धरणेंद्र मगदूम व परिवार, सांगली.'

तीनशे सत्त्याऐंशी माणसांना हा निरोप एकदम गेला. जोडलेले हात परत येऊ लागले. बँकेचा मॅनेजर, हमाल संघटनेचा सेक्रेटरी, चुलतभाऊ, दाताचा डॉक्टर. त्यात 'आकाराम माने सातारा गाडी' या नावाने आवाजातला निरोप आला. ते नाव यादीत असल्याचं धरणेंद्रला तेव्हा कळलं.

"मगदूमसाब, नमस्ते. तुमचा मेसेज वाचला. चार येळा वाचला." खोकल्याचा आवाज. "तुमाला कळलं म्हणायचं. आवं, तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं. उलट तुमीच माफी मागताय, म्हंजे काय बोलायचं माणसानं? व्हय, तुमच्या डिझेल गाडीचं मीटर मागं घेतल्यालं हाय. अठ्ठेचाळीस न्हाई, ब्याण्णव हजार झाल्यात तिचं. फौजेत बावीस वर्सं ताठ मानेनं काढली आन् हितं येऊन असलं केलं. फरक पाठवून देतो, न्हाईतर गाडी माघारी आणा. पर तुमी माफी मागू नका."

धरणेंद्रने निरोप मधेच थांबवून फोन मांडीवर ठेवला. त्याला हलकं वाटलं. सुभेदारांनीही फसवलं होतं, म्हणजे हिशेब सारखाच झाला की. मोठ्या मनाने नको म्हणावं, फरक घेऊ नये. दोन ओळी त्याने मनात जुळवल्यासुद्धा.

"कुणाचा निरोप?" स्वयंपाकघरातून कस्तुरीने विचारलं.

"गाडीवाल्याचा. माफी मागतोय."

"चांगला आहे हो माणूस."

निरोप संपला नव्हता. त्याने पुन्हा बोट ठेवलं.

"तुमची पिवळी मी इकलीच न्हाई. लेकीच्या मनात भरली ती, दीपमालाच्या. पुण्याला नोकरीला असती. म्हणली, आबा, चार एअरबॅग हायत हिच्यात. म्हणून तर एकटीला घाटातनं पाठवायचं धाडस करतो. गणपतीला आल्ती, आता निघाली बगा एवढ्यात. लय पळवती ओ. पर तुमी जपल्याली गाडी, मला घोर न्हाई."

धरणेंद्र उठला. जुळवलेल्या दोन ओळी त्याला आठवेनात. त्याने नंबर लावला. दुसऱ्या घंटेला सुभेदारांनी उचलला.

"बोला साहेब. तुमी काय म्हणाल ते."

"सुभेदार, तुमची मुलगी कुठंपर्यंत गेली असेल?"

"दीपमाला? साताऱ्याच्या पुढं गेली आसंल. का वं?"

"तिला थांबवा. आधी फोन करा, जिथं असेल तिथं गाडी कडेला घे म्हणावं. घाट चढू देऊ नका."

"आवं पर झालं काय?"

"त्या एअरबॅग..." कस्तुरी हात पुसत दारात येऊन उभी राहिली होती. "त्या उघडणार नाहीत. मला ठाऊक होतं. पुरात गेल्या त्या. गाडी विट्याला नव्हती. आधी तिला फोन करा, सुभेदार, बाकीचं मग बोला मला."

पलीकडून फोन बंद झाला.

धरणेंद्र सोफ्याच्या कडेवर बसला. मोबाइल मधूनमधून थरथरत होता आणि दर वेळी तो उचलून पाहत होता. जोडलेले हात येत होते. यादीतल्या दोनशे चौदा जणांनी एव्हाना त्याला क्षमा केली होती.