धन्यांचा थोरला मुलगा

क्वी न्योनमध्ये पर्यटकांना स्कूटरवरून शहर दाखवणाऱ्या ज्या कंपनीत थोआ नोकरीला होती, तिच्या पत्रकावर 'जिथे पर्यटक पोचत नाहीत असे किनारे' ही ओळ ठळक अक्षरांत छापलेली होती. असा किनारा कंपनीपाशी एकच होता, आणि तिथे रोज सकाळी पर्यटकांच्या स्कूटरी लावायला जागा मिळत नसे. थोआ सागरी जीवशास्त्राची पदव्युत्तर पदवीधर होती. संशोधन केंद्राचा निधी आटला तेव्हा तिने सूक्ष्मदर्शक ठेवून हेल्मेट घातले. विधानातली विसंगती तिला ताबडतोब दिसे. पगारही दिसे, म्हणून ती गप्प राही.

त्या सकाळी तिच्या मागे गॉर्डन नावाचे निवृत्त कॅनेडियन दंतवैद्य बसले होते. अंगात पोपटांचा सदरा, खाली तोकडी विजार, आणि मनात अस्सलपणाची न शमणारी भूक. चाम राजांचे जुळे मनोरे अस्सल आहेत का, हे त्यांनी विचारून घेतले. समुद्र अस्सल आहे का, एवढेच विचारायचे राहिले. नाश्त्याला कोळंबीचे धिरडे समोर आले, तेव्हा तव्यावरच्या बाईकडे पाहून त्यांनी पुन्हा तोच प्रश्न केला.

"काय म्हणतोय गं हा?" बाईने विचारले.

"विचारतोय, धिरडं खरं आहे का."

"मग काय रबराचं आहे? सांग त्याला, मुकाट्यानं गीळ."

"ती म्हणते, सावकाश जेवा," थोआने भाषांतर केले. गॉर्डननी हात जोडले.

थोआचे लक्ष धिरड्यात नव्हते. येत्या रविवारी तिचे लग्न होते. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी होणारे हे लग्न एकदा पुढे ढकलले गेले होते, कारण ऐन मुहूर्तावर नवऱ्या मुलाची, विन्हची, आजी वारली. सुतकात लग्न नाही, वर्ष गेले. विन्हची आई दोन मच्छीमार बोटींची मालकीण होती आणि मुळातच या सुनेबद्दल फारशी उत्साही नव्हती. सून वयाने जास्त, शिक्षणाने जास्त, आणि उन्हात रापलेली. "आता पुन्हा काही आडवं आलं, तर हे नशिबातच नाही असं समजायचं आणि सोडून द्यायचं," असे त्या सर्वांसमक्ष बोलल्या होत्या. थोआने मग विन्हच्या सगळ्या हयात वडीलधाऱ्यांची वये, रक्तदाब आणि सिगारेटी विचारात घेऊन रविवारपर्यंतची जोखीम काढली होती. ती समाधानकारक होती. त्या हिशेबात देवमासा धरलेला नव्हता.

"ते नेहमीचं ठिकाण नको," गॉर्डन मागून ओरडले. "खरंच कुणी जात नाही, असं काही नाही का?"

होते. विन्हच्या गावाच्या अलीकडे सुरूच्या बनातून एक वाट खाली जाई. थोआने स्कूटर तिकडे वळवली. बन संपले, वाळू दिसली आणि वाळूवर ओलसर, काळपट, बोथट डोक्याचे ते धूड दिसले.

तिच्यापाशी एक क्षण होता. त्या क्षणात ती वेग वाढवून सरळ पुढे जाऊ शकली असती. पण संशोधन केंद्रातल्या आठ वर्षांत तिने हा प्राणी फक्त बाटलीतल्या तुकड्यांच्या रूपात पाहिला होता. तिने ब्रेक मारला.

"काय झालं?" तिच्या हेल्मेटवर नाक आपटल्यामुळे गॉर्डनचा आवाज चेपला होता.

"देवमासा!" म्हणत ती धावत सुटली, आणि धावता धावताच आपण काय करून बसलो, ते तिच्या ध्यानात आले.

या किनाऱ्यावर त्याला कुणी मासा म्हणत नाही, म्हणतात धनी. वादळात सापडलेली होडी धनी पाठीवर घेऊन किनाऱ्याला लावतात, असे वादळातून बचावलेले लोक सांगतात. बुडालेल्यांची साक्ष कुणी नोंदवलेली नसल्यामुळे थोआ या निष्कर्षाला कधीच मान्यता देत नसे. परंतु रिवाजाला तिच्या मान्यतेची गरज नव्हती. गेलेले धनी ज्याच्या नजरेस आधी पडतील, तो त्यांचा थोरला मुलगा. त्याने डोक्याला पांढरी पट्टी बांधायची, प्रेतयात्रेत पुढे चालायचे, तीन वर्षे सुतक पाळायचे आणि शेवटी अस्थी वेचून देवळात ठेवायच्या. या तीन वर्षांत लग्नाचे नाव काढायचे नाही. रिवाज मोडलेल्या मुलीला घरात घेतले, तर त्या घरच्या बोटीवर एकही खलाशी पाय ठेवणार नाही. थोआचा विश्वास नव्हता हे खरे, पण नांदायचे होते ते विश्वास असणाऱ्यांतच.

जाळी वाळवणाऱ्या बायकांनी त्यांना तोवर पाहिले होते. थोड्याच वेळात धन्यांच्या देवळाचे प्रमुख साऊ आजोबा आले, आणि त्यांच्यामागून अर्धे गाव. आजोबांनी वाळूवर गुडघे टेकले, कपाळ लावले, उठले, आणि मग वाळू झटकत म्हणाले, "तू विन्हची ना गं?"

"हो, आजोबा."

"आधी कुणी पाहिलं?"

"यांनी," थोआ म्हणाली आणि तिने गॉर्डनकडे बोट केले.

सगळ्यांच्या नजरा पोपटांवरून खाली सरकत तोकड्या विजारीपर्यंत आल्या.

"हा?" एक म्हातारी म्हणाली. "अगं बाई, याचे गुडघे बघा. उकडलेल्या खेकड्यासारखे."

"ताई, गप्प बसा," आजोबा म्हणाले. "धन्यांनी निवडलाय. आपण कोण बोलणार?" पण उतारवयात मालकाची बुद्धी फिरल्याचे पाहणाऱ्या जुन्या कारभाऱ्याचा तो सूर होता. "राहील का हा तीन वर्षं इथं?"

"विचारते," थोआ म्हणाली आणि तिने काहीच विचारले नाही. "बघतो म्हणतोय."

"आणि आधी काय दिसलं, तेही विचार. नीट विचार. शेपूट का डोकं? त्यावरून कुठल्या दिशेला पुरायचं ते ठरतं."

हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता. थोआने तो विचारला.

"मला?" गॉर्डन प्रामाणिकपणे म्हणाले. "मला काय दिसणार! समोर तुझं हेल्मेट होतं. तूच पाहिलंस, तूच ब्रेक मारलास. माझं तर अजून नाक दुखतंय." आणि आपल्याला इंग्रजीखेरीज काही येत नसल्याची जाणीव असणारी माणसे करतात त्याप्रमाणे, त्यांनी प्रत्येक वाक्याला हाताने दुजोरा दिला.

"म्हणतोय, आधी शेपूट दिसली," थोआने सांगितले. "मग पाठ. मग मला म्हणाला, गाडी थांबव."

साऊ आजोबांनी तिच्याकडे शांतपणे पाहिले.

"पोरी, त्याचं बोट तुझ्याकडे आहे आणि तुझी जीभ त्याच्याकडे. आम्ही कुणाचं धरायचं?"

थोआला कान तापल्याचे जाणवले. देव, भुते, मुहूर्त, पत्रिका यांपैकी तिने आयुष्यात काही मानले नव्हते. मानली होती ती एकच गोष्ट: जे दिसले ते, जसे दिसले तसे नोंदवायचे. संशोधन केंद्रात तिने कुणीही न वाचणाऱ्या तक्त्यांत प्लवकांची मोजदाद भरली होती आणि त्यातला एक आकडाही कधी इकडचा तिकडे केला नव्हता. आज पहिल्यांदाच तिने निरीक्षणात फेरफार केला होता, आणि तोही अशा समितीपुढे, जिला पद्धतशास्त्राचा गंध नसून खोटे मात्र अचूक कळत होते.

"मी पाहिलं, आजोबा," ती म्हणाली. "आधी मीच पाहिलं. डोकं."

"मग लपवलंस कशाला?"

"रविवारी लग्न आहे."

गर्दीतून चुकचुकण्याचे आवाज आले. तिने दिलेले कारण सगळ्यांना पटले होते. "मग तसं सांगायचं सरळ," आजोबा म्हणाले. "धन्यांना काय लग्नकार्यं कळत नाहीत? पण तीन वर्षं म्हणजे तीन वर्षं. त्यात माझ्या हातात काही नाही."

थोआने बाजूला जाऊन विन्हला फोन लावला.

"विन्ह, एक देवमासा मेलाय."

"बरं."

"आधी मी पाहिला."

विन्हने विचारले, "किती आधी?"

"विन्ह!"

"नाही, म्हणजे गॉगल होता ना तुझ्या डोळ्यांवर? सांग की, नीट दिसलं नाही. ऊन होतं. आणि हळू बोल, आई इथंच... थांब, आई, देतो ना, ओढू नकोस..."

"कोण, थोआ का?" विन्हच्या आईचा आवाज आला. "काय झालं आता?"

"आई, सुतक आलंय."

"अरे देवा! आमच्याकडचं कोण गेलं?"

"तुमच्याकडचं नाही. माझे वडील."

"तुझे वडील तर कधीच गेले! किती वेळा जातील?"

"हे दुसरे. धनी. साऊ आजोबा म्हणतात, मीच थोरला मुलगा."

"आहेस तिथंच थांब," आई म्हणाल्या. "आणि डोक्याला हात लावू देऊ नकोस कुणाला." फोन बंद झाला.

थोआ सुरूच्या सावलीत बसून राहिली. गावकऱ्यांनी गॉर्डनना प्लास्टिकचे स्टूल आणि शहाळे दिले होते. त्यांनी विचारले, "हे दर आठवड्याला असतं का?" ऊन चढत होते आणि धनी फुगू लागले होते. पोटातले वायू ठरल्या क्रमाने आपले काम करत होते. त्यांना सुतक नव्हते. विन्हच्या आई आता येऊन चारचौघांत काय बोलतील, याची वाक्ये थोआ मनात जुळवत होती. सोडून द्यायचे, हे त्यांनी आधीच सांगून ठेवले होते.

विन्हची स्कूटर उतारावरून जवळजवळ घसरतच आली. मागे आई, आणि आईंच्या मांडीवर लाल कापडाने झाकलेले तबक. त्या उतरल्या, धन्यांना नमस्कार केला, आणि थेट आजोबांकडे वळल्या.

"साऊकाका, सुतक कधीपासून? पट्टी बांधल्यापासून ना?"

"हो."

"बांधली?"

"अजून नाही."

"मग पट्टीआधी लग्न." त्यांनी लाल कापड दूर केले. खाली विड्याची पाने, सुपाऱ्या आणि घाईत आणलेल्या दोन मेणबत्त्या होत्या. "माणसाच्या घरात करतातच की. म्हातारा गेला तर बाहेर कळवण्याआधी आतल्या खोलीत पोरांचं लग्न लावतात, मग रडायला सुरुवात करतात. आम्ही काय वेगळं मागतोय?"

"पण वहिनी, धनी गेल्याचं सगळ्यांना दिसतंय!"

"ढोल वाजला का? नाही ना? मग गेले असं कुणी जाहीर केलंय? म्हणजे धनी अजून आहेत."

सगळ्यांनी धन्यांकडे पाहिले. धन्यांची एकंदर अवस्था या विधानाला फारशी अनुकूल नव्हती. पण हरकत कुणी घेतली नाही.

"आई," थोआ हळूच म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होतात, पुन्हा काही आडवं आलं तर..."

"आडवं? अगं, याला आडवं म्हणतात? दोन बोटी असलेल्या घरात धन्यांचा थोरला मुलगा सून म्हणून येतोय, आणि मी तीन वर्षं थांबू? तेवढ्यात त्या खालच्या आळीतल्या बाईनं आपला पोरगा पुढे केला तर? तीन बोटी आहेत तिच्या, मेलीच्या!"

वर्षानुवर्षे वय, पदवी आणि त्वचा या तीन निकषांवर नापास होत आलेली थोआ ब्रेक मारण्याच्या एका प्रतिक्षिप्त क्रियेमुळे अख्ख्या किनाऱ्यावरचे सर्वांत उत्तम स्थळ ठरली होती. कार्यकारणभावाची इतकी दुर्दशा तिने यापूर्वी पाहिली नव्हती. तिला उठून स्कूटर सुरू करून निघून जावेसे वाटले. तिने विन्हकडे पाहिले. त्याच्या सदऱ्याची बटणे वरखाली लागली होती.

"तुला काय वाटतं?" तिने विचारले. "आईंचं सोड. तुला?"

"मला गेल्या वर्षीच वाटत होतं," विन्ह म्हणाला.

त्या दिवशी ऐकलेल्या विधानांपैकी पडताळणीची गरज नसलेले हे एकमेव विधान होते. थोआने हेल्मेट काढून गॉर्डनच्या हातात दिले.

लग्न साऊ आजोबांच्या घरी, त्यांच्या पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे लागले. नवरीच्या अंगात कंपनीचे जाकीट होते आणि पाठीवर आगाऊ आरक्षणाचा फोन नंबर. आजोबांच्या बायकोने आपल्या कानांतल्या कुड्या उतरवून तिच्या कानांत घातल्या. मेणबत्त्या लागल्या, विडा दिला गेला, वडीलधाऱ्यांना चहा झाला. गॉर्डननी सगळ्यांचे फोटो काढले आणि मग विन्हच्या कानाशी येऊन हळूच सांगितले की, रडणाऱ्या बाईचा अभिनय थोडा भडक आहे. ती विन्हची आई होती.

मग ढोल वाजला, आणि धनी अधिकृतरीत्या गेले.

पट्टी बांधून थोआ वाळूवर आली, तेव्हा शवपेटीच्या मापासाठी सुतार फीत घेऊन उभा होता. तिने हात पुढे केला.

"द्या इकडे. मी घेते."

"अहो, माझं काम आहे ते. लांबी-रुंदी घेतली की झालं."

"लांबी-रुंदीनं होत नाही. नाकापासून डोळा, डोळ्यापासून पर, पराचा पाया, घेर तीन ठिकाणी. दात पण मोजायचेत."

सुताराने आजोबांकडे पाहिले.

"थोरल्या मुलाचा शब्द," आजोबा म्हणाले. "आज तो सांगेल तसं."

ती गुडघ्यांवर बसली. दोन्ही हातांनी जबडा उघडून तिने एकेक दात बोटाने मोजला, कातडीवरचे जुने व्रण पाहिले, पोटाच्या खालच्या बाजूला पिल्लाला दूध पाजण्याच्या दोन बारीक चिरा पाहिल्या आणि क्षणभर थांबली. धनी प्रौढ मादी होते. म्हणजे वडील आणि थोरला मुलगा, दोन्ही नोंदी चुकल्या होत्या. हे जाहीर करण्याजोगे श्रोते आसपास नव्हते. तिने मान खाली घातली आणि काम चालू ठेवले.

"बघा, बघा," म्हातारी बाहीने डोळे टिपत होती. "बापाच्या अंगावरून कसा हात फिरवतेय. पोटच्या पोरानं केलं नसतं हो."

"विन्ह," थोआ म्हणाली, "शेपटीकडे जा. फितीचं टोक मधल्या खाचेत धर. कडेला नाही, खाचेत."

विन्ह वाळूतून धावत गेला आणि वास टाळण्यासाठी तोंड फिरवून त्याने टोक धरले.

"असं?"

"असंच. ओढू नकोस, माप चुकेल," ती म्हणाली, आणि आकडा वाचायला वाकली.