दिवसाचा एक पांढरा धागा

मी टकळी. लोकर कातायची, धनगराच्या हातातली. जास्त बोलणाऱ्याला लोक 'याची टकळी सुरू झाली' म्हणतात, पण मी स्वतः आज पहिल्यांदाच तोंड उघडते आहे.

बदनापूरच्या स्टेशनापासून दोन कोसांवर आमची वस्ती. पुंजारामनं बाभळीची चकती घासून गोल केली, तिच्यात सरळ काडी बसवली आणि मला आपल्या धाकट्या लेकाच्या, कडूबाच्या हाती दिलं. मेंढरांमागे चालता चालता कडूबा मला गिरकी द्यायचा. मी त्याच्या गुडघ्यापाशी लोंबत फिरायची. वर आभाळ, खाली कुसळं. चार भिंती म्हणजे काय, हे मला माहीतच नव्हतं.

ते कळलं निजामाच्या राज्यातल्या फसली तेराशे त्रेचाळीस साली, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे तेहतिसात. पुंजाराम तेव्हा हयात नव्हता. दिवाळी झाली होती, कळप चरायला गोदाकाठी निघायचा होता. त्या सकाळी एक कोकरू ओढ्यात पडलं. कडूबा उतरला आणि दरड सुटली. कोकराला खरचटलंसुद्धा नाही. कडूबाची नडगी मोडली.

हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि सांगितलं, "उठलास तर पाय गेला म्हणून समज." थोरला भाऊ भुजंग चार दिवस थांबला. पण मेंढरांची पोटं थांबत नाहीत. तो कळप घेऊन गेला. घरात तिघं उरलो: कडूबा, त्याची माय चतुराबाई आणि मी.

भाकरीएवढा एक झरोका, चुलीचा धूर आणि बाज. कडूबा रोज विचारायचा, "माय, दादा कुठवर गेला असंल?"

"परतूर वलांडलं असंल आतापस्तोर."

मग त्यानं विचारणं सोडलं. भिंतीकडे तोंड करून पडू लागला. अर्धी भाकर तशीच राहायची. चतुराबाई ताट उचलायची, तेव्हा तिची भीती मला दिसायची. पाय जुळेल, पण हा माणूस पुन्हा उठेल का?

एके दिवशी तिनं बाजेवर लोकर आणून टाकली. काळी ढीगभर. पांढरीचं मात्र एक लहानसं गाठोडं, कारण कळपात पांढरी मेंढी एकच होती.

"रोज दिवे लागायच्या आधी दिवसातली एक बरी गोष्ट सांगायची," ती म्हणाली. "सांगितली तर त्या दिवसाचा पयला धागा पांढरा. न्हाई तर काळा."

"बाजेवर पडल्या माणसाचं काय बरं असतंय, माय?"

"मला नको इचारू. दिवसाला इचार."

दुसऱ्या दिवशी, तिची कटकट टळावी म्हणून, तो म्हणाला, "आज ऊन लई छान पडलं." आणि बाजेच्या कडेवरून हात खाली सोडून त्यानं मला गिरकी दिली. पांढरा धागा निघू लागला.

"ऊन तुला कुठून दिसलं रे?" चतुराबाई म्हणाली. "वारा येऊन राह्यला म्हणून झरोक्याला सकाळपासनं गोणपाट लावलंय म्या."

तिनं धागा तोडला. शेजारचा इंद्रभान दारात उभा होता. तो खो खो हसला. "आरं, नवाबावानी लोळून राह्यलास, अन् एक खोटं बराबर बोलता येईना तुला?"

कडूबाला हसू फुटलं. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.

"हसलास, हे सांग की," चतुराबाई म्हणाली आणि पांढरी लोकर परत त्याच्या हातात दिली.

तेव्हापासून तो दिवसाकडे बघू लागला. लांबून आगगाडीची शिटी आली, पांढरा. कोंबडीनं बाजेखाली अंडं घातलं, पांढरा. पण काळे दिवस जास्त होते, हेही सांगते. पाय खाजायचा, पाठ सोलून निघायची, आणि मी त्याच दीड हात जागेत फिरायची.

मग कामट्या सुटल्या. पाय दोन बोटं आखूड निघाला.

कडूबानं मला भिंतीवर फेकलं. चकतीचा टवका उडाला. त्यानंतर तो बोललाच नाही.

चतुराबाईनं मला उचललं. संध्याकाळी स्वतःच कातायला बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "आज माझ्या लेकानं आपणहून पाणी पिलं." पांढरा. दुसऱ्या दिवशी, "आज त्यानं कूस बदलली." पांढरा. तिसऱ्या दिवशी तिनं पांढऱ्या गाठोड्याला हात लावला आणि काढून घेतला. शेवटी हळूच म्हणाली, "आज काय बी न्हाई." काळी लोकर उचलून तिनं मला गिरकी दिली.

बाजेवरून हात पुढे आला. "दे इकडं. तुझा धागा सुतळीवानी जाड येऊन राह्यलाय."

ती लोकर देऊन चुलीपाशी गेली आणि धूर नसताना डोळे पुसत बसली.

जेठ महिन्यात कळप परत आला. भुजंग म्हणाला, "चल, तुझी मेंढरं तुला न्यायला आलीत." कडूबा काठी टेकत बांधापर्यंत गेला. मेंढरं पुढे सरकली, तो मागे राहिला, घाई केली आणि पडला. कुणी उचलायच्या आत स्वतःच उठला. कळपामागे चालणं आपल्याला आता जमायचं नाही, हे त्याला तिथंच कळलं.

त्या संध्याकाळी चतुराबाईनं काही विचारलं नाही. तिची हिंमतच झाली नाही. तोच म्हणाला, "माय, लोकर दे. काळी. आज काय बी बरं न्हाई झालं."

तिनं काळी दिली. मग गाठोड्यातली थोडी पांढरीही त्याच्यापुढे ठेवली. "ही माझ्या बऱ्या गोष्टीची. न इचारता खरं सांगितलंस ना."

त्या दिवसाचा धागा दोन पदरी निघाला, काळा आणि पांढरा एकत्र पिळलेला. सगळं सूत घोंगडी विणणाऱ्या सणगराकडे गेलं, आणि त्यानं हा धागा घोंगडीच्या काठाला घातला. घोंगडी तयार झाली तेव्हा कडूबानं ती भुजंगाच्या खांद्यावर टाकली. "ही घेऊन जा, दादा. म्या न्हाई येत."

सात महिने कोंडलेले, घोंगडीत विणलेले ते दिवस दरसाल गोदाकाठी हिंडून यायचे. मी मात्र इथंच राहिले.

त्या गोष्टीला आज तेरा वर्षं झाली. चतुराबाई आता नाही. मी दाराजवळच्या छपरात खोचलेली असते. कडूबा दुसऱ्यांच्या मेंढरांची लोकर कातून देतो. टवका उडाल्यापासून मी जरा डगमगत फिरते, तो ते बोटानं सांभाळून घेतो. मला अजून आभाळाची आठवण येते. ती जात नाही.

तुम्हाला एकच सांगणं. कधी ना कधी तुम्हीही एखाद्या बाजेवर अडकाल. तेव्हा संध्याकाळी त्या दिवसाला विचारा, काय बरं झालं. नसेल झालं तर नाही म्हणा. खोटं पांढरं कातू नका. काळा धागाही घोंगडीतच जातो, आणि ऊब त्यालाही असते.

आता ऊन उतरतं आहे. कडूबानं मला खाली काढलंय. काळं आणि पांढरं, दोन्ही गाठोडी पुढ्यात घेऊन तो मायच्या रिकाम्या जागेकडे बघत बसलाय. कोणत्या लोकरीला हात घालील, मला अजून माहीत नाही.