गेटबाहेरचा स्पीकर

दादा दारातल्या पायपुसण्यावर बराच वेळ पाय पुसत होता, तेव्हाच तिनं ओळखलं की ह्याच्या पोटात काहीतरी आहे. एरवी तो चपलेसकट आत यायचा.

"कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमाचं काम मिळालं आपल्या बँडला," तो म्हणाला.

"मग चांगलंच की. कोणती गाणी घ्यायची?"

"तेच सांगायला आलो. ह्या वेळी तू नको."

तिनं गॅस बारीक केला. खोक्यांच्या त्या कारखान्यात ती कटिंग मशीनवर कामाला होती, आणि सुट्टीच्या दिवशी थोरल्या भावाच्या बँडमध्ये गिटार वाजवायची. कारखान्यात तिला सगळे गिटारवालीच म्हणत. मागच्या वर्षी त्या मशीननं तिच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं अर्ध्यावर कापली. हात आत जाऊ नये म्हणून मशीनच्या तोंडावर लोखंडी जाळी असते. पण जाळीमुळे काम रेंगाळतं म्हणून मॅनेजरनं ती काढून ठेवायला लावली होती. पुढे त्यानंच सांगितलं, बाईचं लक्ष नव्हतं. आणि तिला घरी बसवलं.

"कोण म्हणालं, मी नको?"

"मॅनेजर. म्हणजे तसं स्पष्ट नाही म्हणाला... पाहुणे येणार, मालक येणार. त्यांच्यासमोर तुझा हात..."

"आणि तू मान डोलावलीस."

"अगं, समजून घे ना. कशाला उगाच हात दाखवून अवलक्षण?"

"दादा," ती म्हणाली, "ह्याच हातानं त्यांचे खोके कापले. तेव्हा नव्हतं का दिसलं अवलक्षण?"

दादा आतल्या खोलीत गेला आणि मोठा ॲम्प, गिटारचा आवाज वाढवणारा तो जड खोका, उचलून टेम्पोत टाकून घेऊन गेला. ॲम्प त्याचाच होता, त्यामुळे तिला काही बोलता येईना. तिच्या मालकीचं म्हणून उरलं ते एक जुनं गिटार आणि पायाखाली ठेवायचा, गिटारचा आवाज हवा तसा बदलणारा इफेक्ट प्रोसेसर.

ह्या प्रोसेसरनंच तिला वर्षभर तगवलं होतं. दोन बोटं गेल्यावर तीन-चार तारा एकदम दाबायचे जुने कॉर्ड धरता येईनात. डॉक्टर म्हणाले होते, आता दुसरा काहीतरी छंद लावून घ्या. तिनं मान हलवली, घरी आली आणि तर्जनी आणि करंगळी अशा दोनच बोटांवर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. करंगळीला फोड आले, फुटले, घट्टे पडले. एकेक सूर निघायचा, पण एकटा, उघडाबोडका. मग तिनं प्रोसेसरमध्ये त्याच सुराखाली एक खालचा सूर जोडला आणि मागे थोडा प्रतिध्वनी सोडला. एका तारेतून चौघांनी मिळून गायल्यासारखा भरलेला आवाज आला. त्या दिवशी ती एकटीच हसली होती.

पण प्रोसेसर स्वतः आवाज करत नाही. त्याला पुढे काहीतरी लागतं.

दुसऱ्या दिवशी ती कवायतबाईंकडे गेली. ह्या बाई रोज सकाळी बागेत बायकांचा व्यायाम घेत आणि चाकांचा, बॅटरीवर चालणारा एक स्पीकर पाळीव कुत्र्यासारखा ओढत फिरवत.

"ह्याला गिटार चालेल?" तिनं विचारलं.

"मला काय ठाऊक? पण ह्याच्या जोरावर मी जाड्याजाड्या बायकांना उड्या मारायला लावते. तुझ्या गिटारला काय जड आहे?" बाई म्हणाल्या. "कुठे वाजवणार?"

तिनं सांगितलं. बाईंनी क्षणभर तिच्या हाताकडे पाहिलं आणि स्पीकरचा दांडा तिच्या हातात दिला. "माइकसुद्धा ने. बोलावंसं वाटलं तर हाताशी असावा."

जोडणी वाटली तेवढी सोपी निघाली नाही. तिनं गिटारची वायर प्रोसेसरमध्ये घातली, प्रोसेसरची डावीकडची वायर स्पीकरच्या मागच्या भोकात घातली आणि एक तार छेडली. असं काही किंचाळलं की शेजारणीनं खिडकी आपटून बंद केली. मागचं बटण माइकवर होतं. माइकचा आवाज नाजूक म्हणून स्पीकर त्याला वाढवून घेतो, आणि प्रोसेसर तर आधीच दमदार. तिनं बटण लाइनवर, म्हणजे आवाज न वाढवता घ्यायच्या खुणेवर, सरकवलं, प्रोसेसरचा आवाज उतरवला, मग स्पीकरचा हळूहळू चढवला. किंचाळणं थांबलं.

आता आवाज साफ होता, पण डबीत कोंडलेल्या माशीसारखा. खालचा सूर होता, प्रतिध्वनी होता, तरी जीव नव्हता. ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि विचार करत राहिली. दादाच्या ॲम्पवर हेच किती छान वाजायचं! मग तिच्या लक्षात आलं. प्रोसेसर अजून समजत होता की आपल्यापुढे तो मोठा ॲम्पच आहे. त्याचा लाकडी खोका, त्याचा जाड पडदा आवाजाला गोलाई द्यायचा. हा स्पीकर मात्र जे मिळेल ते जसंच्या तसं बाहेर फेकणार. तिनं प्रोसेसरमधून बाहेर जाणारा आवाजही लाइनचा केला आणि आतलं नकली कॅबिनेट, म्हणजे ॲम्पच्या लाकडी खोक्याची नक्कल, सुरू केलं.

पुन्हा तार छेडली. सूर उबदार, भरदार होऊन खोलीभर पसरला. शेजारणीनं खिडकी उघडली.

फक्त एक घरघर मागे उरली होती. तिनं प्रोसेसरचा ॲडॉप्टर भिंतीतून उपटला आणि चार पेन्सिल सेल घातले. घरघर गेली. शिवाय आता कुठल्याच भिंतीची गरज उरली नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी कारखान्याच्या आवारात मांडव होता, रंगीत पताका होत्या, आणि दादाचा बँड स्टेजवर होता. ती गेटसमोरच्या फुटपाथवर सायकलच्या दुकानाशेजारी स्टूल टाकून बसली. वॉचमननं तिला ओळखलं. जवळ येऊन तो हळूच म्हणाला, "ताई, इथे नको. माझी नोकरी जाईल."

"तुमची हद्द गेटपर्यंत ना, काका?"

"हो."

"मग मी तुमच्या हद्दीत नाही."

काकांनी डोकं खाजवलं, एकदा गेटकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि परत आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

आतलं गाणं संपायची तिनं वाट पाहिली. टाळ्या विरल्या तशी तिनं सुरुवात केली. पहिले काही सूर थरथरले. हाताकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी नजर तिथेच गेली. मग तिनं नजर उचलली आणि ठोका धरला. कटिंग मशीनचा ठोका, दोन जड, एक हलका. कितीतरी वर्षं तो तिच्या कानात बसला होता. त्यावर तिनं वर्षभरात एक चाल बांधली होती.

आवारातल्या मागच्या रांगेतल्या खुर्च्या आधी हलल्या. पॅकिंगच्या बायका गेटशी आल्या. "अगं, ही तर गिटारवाली! दोन बोटांनी वाजवतेय बघ!" मग कटिंगवाले आले. ठोका ओळखून एकानं गेटच्या पत्र्यावर हात मारायला सुरुवात केली, दुसऱ्यानं साथ दिली. स्टेजवरचा बँड पुढच्या गाण्याला लागला, पण त्याच्यासमोर खुर्च्याच जास्त उरल्या होत्या.

मॅनेजर लगबगीनं बाहेर आला. "हे काय चाललंय? वॉचमन! आधी हिची लाइट तोड!"

वॉचमननं स्पीकरभोवती एक चक्कर मारली. "साहेब, वायरच नाही. काय तोडू?"

बायका खो खो हसल्या. मॅनेजरचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. तिनं वाजवणं थांबवलं, कवायतबाईंचा माइक उचलला आणि डावा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"हा हात लपवायला सांगितला होता," ती म्हणाली. स्पीकरनं तिचा आवाज रस्त्याच्या टोकापर्यंत पोचवला. "माझं लक्ष नव्हतं असं सगळीकडे सांगितलं गेलं. माझं लक्ष होतं. जाळी नव्हती. मला कुणाची दया नको. आज किती मशीनना जाळी आहे, तेवढं एक इथे सांगा."

मग एक कटिंगवाली पुढे आली. "माझ्या मशीनला नाही."

"माझ्याही नाही," मागून आवाज आला. मग आणखी एक. मालक पाहुण्यांबरोबर गेटशी येऊन उभे होते. त्यांनी मॅनेजरकडे पाहिलं.

"उद्या बसून बोलू ह्यावर," मॅनेजर पुटपुटला.

"बोला की," ती पहिली कटिंगवाली म्हणाली, "पण जाळी लागेपर्यंत आमचे हात मशीनला लागणार नाहीत."

तसंच झालं. सुट्टीनंतर कारखाना उघडला तेव्हा कटिंगचे लोक हाताची घडी घालून मशीनशेजारी उभे राहिले. मॅनेजर आधी ओरडला, मग समजावू लागला, शेवटी मेकॅनिकला हाक मारली. गोदामातल्या जाळ्या बाहेर निघाल्या, गंज खरवडून जाग्यावर बसल्या. गिटारवालीला मात्र कुणी कामावर परत बोलावलं नाही. तिनंही वाट पाहिली नाही.

दादा त्या दिवशी गेटशी आला होता, गर्दीच्या मागे. तिथूनच निघून गेला. बरेच दिवस फिरकला नाही. मग एका सकाळी आला, सरळ आत, चपलेसकट.

"पुढच्या महिन्यात एक कार्यक्रम आहे," तो म्हणाला. "ये वाजवायला. ह्या वेळी कुणी काही म्हणालं तर मी बघतो."

ती स्टुलावर बसून नवीन तार बसवत होती. किल्ली फिरवता फिरवता म्हणाली, "तू बघणार?"

"चुकलं माझं. आता काय पाया पडू?"

"पाया नको पडूस. चपला काढ आधी."

त्यानं मुकाट्यानं चपला काढल्या.

"बाजाराच्या दिवशी मी चौकात वाजवते," ती म्हणाली. "पॅकिंगची एक बाई गाते, वॉचमनकाका ढोलकी घेऊन येतात. ढोलकी बेताचीच, पण येतात. तुझ्या बँडमध्ये मी येणार नाही, दादा. तुला वाजवायचं असेल तर माझ्याकडे ये. आणि मध्ये उभी मी राहणार."

काढलेल्या चपला दादानं भिंतीशी सरळ करून ठेवल्या. मग त्यानं विचारलं, "सराव किती वाजता असतो?"