वरच्या घरांचे निरोप

मामंजींच्या श्वासाच्या यंत्राला तिसऱ्यांदा उचकी लागली आणि शिंपीणबाईंच्या हातातली सुई जागीच थांबली. सकाळचे अकरा वाजले होते.

दोन दिवस वीज नव्हती. घरात बॅटरी एकच आणि तिला खाणारी तोंडं दोन: हे यंत्र आणि छपरावरचा निरोपांचा डबा. टेकडीवर मोबाइल लागत नाही. म्हणून एका घराचा निरोप दुसऱ्या घराच्या डब्यावरून उड्या मारत खाली दवाखान्यापर्यंत जातो. बाईंचं घर मधोमध, वरच्या नऊ घरांचं सगळं ओझं त्यांच्याच डब्यावर. काल त्यांनी 'दुसऱ्यांचे निरोप' हे बटण गुपचूप बंद केलं. बॅटरी मामंजींना पुरायला हवी. आपला तो बाब्या!

आता त्यांनी नर्सताईंना कळवलं, "मामंजींना श्वास पुरत नाही, लवकर या." पडद्यावर उमटलं: 'रांगेत. तुमच्यापुढे सव्वीस.'

बाईंना एकदम आठवलं. डबा बसवणारा म्हणाला होता, "मावशी, जो दुसऱ्याचं वाहील त्याचं आधी जाईल. दार लावून बसेल त्याचं सगळ्यांत शेवटी." तेव्हा त्यांनी त्याला चहा विचारला होता, ऐकलं कुठे होतं?

"उत्तर आलं का गं?" मामंजींचे ओठ जांभळे पडले होते.

"येतंय. तुम्ही बोलू नका."

"गप्प राहून मेलो तर तुझ्या सासूचं खरं होईल. जन्मभर गप्प बसा म्हणायची."

बाईंना हसू आलं नाही. मामंजींना सोडून खाली पळावं तर जाऊन-येऊन सव्वा तासाची वाट. त्यांनी बटण पुन्हा चालू केलं. कालपासून तुंबलेले निरोप धडाधड खाली निघाले. बॅटरीचा आकडा मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत उतरू लागला.

'तुमच्यापुढे एकोणीस.' मग 'अकरा.' तिथेच अडलं.

आणि अचानक नर्सताईंचा निरोप आला: "तुमच्या वरच्या घरातल्या घड्याळवाल्या काकूंनी सकाळी आठला पाठवलेलं आत्ता मिळालं. 'शिंपीणबाईच्या सासऱ्यांचा रंग खिडकीतून बरा दिसत नाही. माझा पाय मोडलाय, नाहीतर गेले असते. ती भिडस्त आहे, बोलावणार नाही, तुम्हीच जा.' निघालेय. चाळीस मिनिटं."

बाईंनी छपराकडे पाहिलं. तीन तास तो निरोप त्यांच्याच डोक्यावर अडकून पडला होता.

बॅटरीवर आकडा होता अडतीस मिनिटांचा. बटण बंद केलं तर कदाचित पंचेचाळीस. बोट बटणावर गेलं. तेवढ्यात डब्याचा दिवा लुकलुकला. वरून आणखी एक निरोप येत होता. कुणाचा, कुणासाठी, कळायला मार्ग नव्हता.

बाईंनी बोट मागे घेतलं. शिवणयंत्रावरचा दिवा काढला, घड्याळाचे सेलही काढून ठेवले. त्याने यंत्राची बॅटरी वाढणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. मग मामंजींचा गार हात धरून त्या दाराकडे बघत बसल्या.